देवगडच्या शाळेत मायक्रोबिट: ३५ मिनिटांच्या तासिकेत काय जमतं, काय नाही

बीबीसी मायक्रोबिट, म्हणजे मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्यासाठीचा हातात मावणारा छोटा संगणक-बोर्ड, व्ही२ आवृत्ती. आमच्या शाळेने असे दहा बोर्ड घेतले, आठवी ते दहावीला ते वापरात आहेत, आणि विज्ञान मी शिकवते म्हणून त्यांचा डबा माझ्या कपाटात असतो. देवगड तालुक्यातल्या इतर शाळांचे शिक्षक भेटले की विचारतात, बाई, घ्यावा का? माझं उत्तर आहे, घ्या. पण सोबतच्या काही वस्तू घेतल्याशिवाय नुसता बोर्ड घेऊ नका, आणि रोबोट बनवायच्या हौसेने तर मुळीच घेऊ नका. विज्ञान शिकवायला घ्या.

आमची शाळा लहान. केंद्र सरकारच्या योजनेतली अटल टिंकरिंग लॅब मिळालेल्या शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान असतं, सहावी ते बारावीची मुलं तिथे जातात. आमच्याकडे तसं काही नाही. पैसे गावच्या मुंबई मंडळाने दिले. गणपतीला आलेल्या माजी विद्यार्थ्यांसमोर प्रस्ताव मांडला आणि त्यांनी आरतीनंतर तिथेच वर्गणी काढली. त्यामुळे एकेक रुपया कुठे जातो याचा हिशेब मला द्यायचा होता, आणि घेण्याआधी मी आर्डुइनो, म्हणजे वायरी जोडून प्रोग्राम करायचा तसाच दुसरा बोर्ड, आणि मायक्रोबिट दोन्ही समोर ठेवून बघितले.

आर्डुइनो वाईट नाही हे आधी सांगते. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रियाच्या एका डिझाइन संस्थेत तो जन्मला, तोही विद्यार्थ्यांसाठीच. त्याच्या उनो या मॉडेलचा क्लोन, म्हणजे दुसऱ्या कंपनीची नक्कल, पाचशे रुपयांच्या आत मिळतो, सेन्सर स्वस्त, माहिती भरपूर. पण आमची तासिका ३५ मिनिटांची. मुलं प्रयोगशाळेत येऊन बसेपर्यंत पाच मिनिटं गेली. मग ब्रेडबोर्ड (भाग खुपसून जोडायची भोकांची पाटी), रोध, एलईडीचा लांब पाय कुठला आणि आखूड कुठला, वायर कुठल्या भोकात, क्लोनला ड्रायव्हर हवा, आणि शेवटी प्रोग्राममध्ये एक अर्धविराम राहिला म्हणून लाल अक्षरांत चूक. घंटा होते तेव्हा चाळीसपैकी चार-पाच मुलांचा दिवा लागलेला असतो, आणि पुढची तासिका येते आठवड्याने.

मायक्रोबिटच्या पहिल्या तासिकेत प्रत्येक जोडीच्या हातात काहीतरी पेटतं. बोर्ड चार सेंटीमीटर बाय पाच सेंटीमीटरचा. समोर २५ लाल एलईडी, पाच ओळी, पाच स्तंभ. दोन बटणं, ए आणि बी. त्वरणमापक, होकायंत्र, तापमान, प्रकाश आणि व्ही२ मध्ये मायक्रोफोन, स्पीकर, वर सोनेरी लोगो, त्याला बोट लावलं की तोही बटणासारखा चालतो. बोर्डांनी आपसांत निरोप पाठवायचा रेडिओही आतच. पहिल्या दिवशी एकही वायर जोडावी लागत नाही. संगणकाच्या पडद्यावर प्रोग्रामचे ठोकळे ओढून एकमेकांत बसवायचे, प्रोग्राम बोर्डात टाकायचा, बोर्ड हलवायचा. आमच्या आठवीच्या मुलांनी पहिल्याच दिवशी हलवलं की आकडा पडणारा फासा केला आणि मधल्या सुट्टीत त्यावर सापशिडी खेळली.

ब्रिटनमध्ये २०१६ साली सातवीच्या म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना हा बोर्ड फुकट वाटला गेला. वर्गात चाळीस मुलं आणि एक शिक्षक हे गृहीत धरूनच तो बनला आहे, हे वापरताना जाणवतं. व्ही२ आली २०२० मध्ये. दुकानदाराकडे जुनी व्ही१ पडून असेल आणि स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. तिच्यात मायक्रोफोन नाही, स्पीकर नाही, आणि ज्या एका सोयीसाठी मी या बोर्डाला इतकी मानते ती, म्हणजे मापनं बोर्डातच साठवून ठेवणं, तीही नाही.

आता संगणक. आमच्याकडे जुने डेस्कटॉप आहेत, नेट येतं-जातं, पावसात तर जास्त जातं. मेककोड, म्हणजे ते ठोकळे जोडायचं सॉफ्टवेअर, त्याचं ऑफलाइन ॲप एकदा पेन ड्राइव्हवरून सगळ्या मशीनवर टाकलं आणि नेटचा विषय संपवला. बोर्ड यूएसबीला लावला की पेन ड्राइव्हसारखा दिसतो, प्रोग्रामची फाईल त्यात कॉपी केली की झालं. ड्रायव्हर नाही, पासवर्ड नाही. ज्यांना मशीन मिळालं नाही ती मुलं कागदावर ठोकळे आखतात, ज्यांना मशीन मिळालं पण बोर्ड मिळाला नाही ती पडद्यावरच्या आभासी बोर्डावर करून बघतात. मोबाईलवरूनही प्रोग्राम टाकता येतो, ब्लूटूथने. घरी एकट्याने करायला ते छान. वर्गात दहा बोर्ड एकदम जोडायला गेलात तर कुणाचा फोन कुणाच्या बोर्डाला हाक मारतोय ते कळत नाही.

केबलकडे लक्ष ठेवा. मोबाईलच्या जुन्या मायक्रो यूएसबी केबल घरोघरी पडलेल्या असतात, मुलं उत्साहाने आणतात, पण त्यातल्या कितीतरी फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांनी बोर्ड पेटतो पण संगणकात दिसत नाही. चांगल्या केबलना रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा, बाकीच्या डब्यात येऊच देऊ नका.

लाईट गेली तर? देवगडला जूनपासून हा प्रश्न रोजचा. बोर्ड रिमोटच्या दोन बारीक सेलवर चालतो, म्हणून प्रोग्राम आधी भरून ठेवले असतील तर तासिका वाया जात नाही. पावसाळ्यात मी सकाळी लाईट असतानाच दहाही बोर्ड भरून ठेवते आणि वर्गात मोजण्याचं काम घेते.

इथून पुढे मला खरं बोलायचं आहे, कारण बहुतेक ठिकाणी या बोर्डाची ओळख हसरा चेहरा आणि फासा इथेच थांबते.

एप्रिलच्या सुरुवातीला आमच्याकडे घरोघरी अढी लागलेली असते. भाताच्या पेंढ्यात हापूस रचून पिकायला ठेवलेला. अढी तापते हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. आजी पेंढ्यात हात घालून सांगते की हा थर झाला, उद्या काढा. ती ऊब येते कुठून? फळ झाडावरून काढलं तरी श्वसन चालू असतं, पिकताना त्याचा वेग वाढतो, इथिलीन बाहेर पडतं, आणि श्वसनातून उष्णता निघते. पुस्तकात श्वसन म्हटलं की मुलांना फुप्फुस आठवतं. आंबा श्वास घेतो हे त्यांना मोजून दाखवायचं होतं.

दोन बोर्ड घेतले. दर दहा मिनिटांनी तापमानाची नोंद करायची एवढाच प्रोग्राम. एलईडी बंद, म्हणजे सेल टिकतात. दोन्ही बोर्ड सारख्याच प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, एक एका मुलाच्या घरच्या अढीत मधल्या थरात, एक त्याच खोलीत फळीवर. रात्रभर ठेवून सकाळी मुलाने शाळेत आणले. यूएसबीला लावलं की बोर्डात डेटाची एक फाईल दिसते, ती ब्राउझरमध्ये उघडली की तक्ता समोर येतो आणि एका बटणावर आलेख. अढीतली रेघ वर, फळीवरची खाली. वर्गात एकदम गलका झाला. मग एका मुलीने विचारलं, बाई, दोघांत मुळातच फरक असला तर?

हा प्रश्न तिने विचारला याचा आनंद मला अजून आहे, कारण मायक्रोबिटचा सर्वांत मोठा दोष तिने नेमका धरला होता. याचा तापमापक वेगळा नाही, तो प्रोसेसरच्या चिपमध्येच आहे. तो हवेचं नाही, चिपचं तापमान सांगतो. प्रत्येक बोर्डाचं उत्तर थोडं वेगळं येतं, काही अंशांचाही फरक पडतो, आणि ठोकळ्यांतून मिळणारा आकडा पूर्णांकात असतो, २९ नाहीतर ३०, मधलं काही नाही. हे विक्रीच्या पानावर ठळक लिहिलेलं कुठे दिसत नाही. मग मुलांनी दोन्ही बोर्ड एकाच पिशवीत रात्रभर शेजारी ठेवले, त्यांच्यातला फरक काढला, तो वजा केला आणि पुन्हा आलेख काढला. अढीची रेघ तरीही वरच राहिली. शून्यांकी त्रुटी मी इतकी वर्षं व्हर्निअरवर शिकवत आले, पण ती इतकी पटकन कुणाला पटलेली मी पाहिली नव्हती.

अचूक मापन हवं असेल तर डीएस१८बी२० नावाचा धातूच्या नळीतला तापमापक घ्या. पाण्यात, मातीत, पेंढ्यात कुठेही खुपसता येतो, आपल्या हवामानात त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते, आणि मेककोडमध्ये त्याचे ठोकळे वेगळे जोडता येतात. तापमानाचे प्रयोग करायचे तर मी हा बोर्डाइतकाच आवश्यक धरते.

नोंदींबद्दल तीन सूचना, कारण त्या कळल्या नाहीत तर मुलांची रात्रभराची मेहनत जाते. नवा प्रोग्राम टाकला की जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून आधी फाईल संगणकावर उतरवा. बोर्ड संगणकाला लावलेला असताना झालेल्या नोंदी लगेच दिसत नाहीत, केबल काढून पुन्हा लावावी लागते. आणि नोंद सुरू करायला ए बटण ठेवा, नाहीतर संगणकाला लावताच प्रोग्राम परत सुरू होऊन प्रयोगशाळेचं तापमान अढीच्या तक्त्यात शिरतं.

दहावीला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. मुक्त पतनाची सूत्रं मुलं पाठ करतात, गणितं सोडवतात, आणि पडणाऱ्या वस्तूला वजन जाणवत नाही हे मात्र कुणी मानत नाही. त्यांच्या मते पडताना जोर वाढतो. टेबलावर शांत पडलेल्या मायक्रोबिटचा त्वरणमापक हजाराच्या आसपास आकडा दाखवतो, म्हणजे एक जी, गुरुत्वत्वरणाइतकं. आधी मुलांना तेच चुकीचं वाटतं: बोर्ड तर हलत नाहीये, मग त्वरण कसलं? त्यावर भांडण होऊ द्यावं. मग बोर्ड सेलसकट स्पंजमध्ये गुंडाळायचा, रबर लावायचं, दोन मुलांनी चादर ताणून धरायची आणि दीड मीटरवरून सोडायचा. मापनं आधी यादीत साठवा आणि पडून झाल्यावर नोंदवा, कारण पडणं जेमतेम अर्ध्या सेकंदाचं आहे. सूत्राने ०.५५ सेकंद येतात, आलेखातही साधारण तेवढाच सपाट तुकडा दिसतो, शून्याला चिकटलेला, आणि त्यानंतर चादरीवर आपटल्याचा उंच सुळका.

तो सपाट तुकडा बघून वर्ग गप्प झाला होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने, जो एरवी उत्तर द्यायला उभा राहत नाही, विचारलं की पडताना बोर्डाला काहीच लागत नसेल तर अवकाशवीर पण सतत पडतच असतात का. हो, असतात. पुढची २० मिनिटं मी फक्त त्याच्या प्रश्नांना उत्तरं दिली.

नववीच्या ध्वनीच्या धड्याला मायक्रोफोन उपयोगी पडतो, पण त्याचा आकडा शून्य ते २५५ असा असतो, डेसिबल नव्हे. तुलना करा, आकडा वहीत डेसिबल म्हणून लिहू देऊ नका. प्रकाशाचंही तसंच, तो एलईडींनीच मोजला जातो. होकायंत्र वापरण्याआधी बोर्ड तिरका-वाकडा फिरवून सगळी स्क्रीन भरावी लागते. मुलांना त्यात मजा येते, मला त्यात तासिकेची पाच मिनिटं जाताना दिसतात.

पावसाचं मात्र सविस्तर सांगते, कारण कोकणात पाऊस मोजायला शिकवणार नाही तर काय शिकवणार. झुलत्या डब्याचं पर्जन्यमापक मुलांनी बनवलं: वर नरसाळं, खाली मधोमध टेकू दिलेला दोन कप्प्यांचा डबा. एक कप्पा भरला की कलतो, दुसरा नरसाळ्याखाली येतो. डब्याला छोटं चुंबक, चौकटीला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा स्विच, त्याच्या दोन वायर बोर्डाच्या शून्य नंबरच्या पिनला आणि ग्राउंडला, म्हणजे ऋण टोकाला. दर कलण्याला एक नोंद. नरसाळ्याचा व्यास दहा सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला सुमारे ७.८५ मिलिलिटर पाणी. औषधाच्या दुकानातली सिरिंज आणून थेंब थेंब पाणी सोडायचं आणि डबा किती मिलिलिटरला कलतो ते बघायचं. आमचा जवळपास चारला कलतो, म्हणजे एका कलण्याला अर्धा मिलिमीटर. क्षेत्रफळ, घनफळ, गुणोत्तर, सगळं एका वस्तूत आलं आणि गणिताच्या सरांनीही एक तासिका दिली.

जोराच्या सरीत हे यंत्र कमी मोजतं, कारण डबा कलत असतानाचं पाणी वाया जातं. वाऱ्याने डबा हलला तर जास्त मोजतं. म्हणून शेजारी सरळ भिंतींची एक साधी बरणी ठेवलेली आहे आणि दोन्ही आकडे मुलं फळ्यावर लिहितात. पर्जन्यमापक बांधत असताना आठवीतल्या एकाने विचारलं होतं, “बाई, ह्येका पावस लागलो तर काय होतला?” म्हणून बोर्ड झाकणाच्या डब्यात, वायरी डब्याच्या तळाकडून बाहेर काढलेल्या. वरून भोक पाडलं तर वायरीवरून पाणी ओघळत आत येतं.

पावसापेक्षा मला भीती खाऱ्या हवेची. समुद्र शाळेच्या व्हरांड्यातून दिसतो. बोर्ड स्वतः टिकलेत, पण वायर पकडायच्या चिमट्यांचे, म्हणजे स्वस्त मगर-क्लिपांचे दात एका पावसाळ्यात गंजले, आणि सेल आत विसरलेल्या पेट्यांच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर आला. आता तासिका संपली की सेल काढून वेगळे, बोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत नव्या चपलांच्या खोक्यात येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या, त्या अधूनमधून उन्हात तापवायच्या. क्लिपा वर्षाला नव्या घ्याव्या लागतात, हा खर्च धरूनच चला.

बोर्ड उघडा आहे, त्याला कवच नाही. तीन व्होल्टची आणि ग्राउंडची पट्टी अगदी शेजारी शेजारी आहेत, मुलांनी बोर्ड कंपासपेटीवर किंवा स्टीलच्या डब्यावर ठेवला की दोन्ही जोडल्या जातात आणि सेल तापतात. आमच्याकडे प्रत्येक बोर्डाखाली जुन्या वहीचा पुठ्ठा दोऱ्याने बांधलेला आहे. सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) बोर्डाच्या वीजेवर चालवू नका. बोर्ड बाहेरच्या भागांना जास्तीत जास्त १९० मिलिअँपिअर देऊ शकतो, मोटर अडली की त्याहून जास्त ओढते. मोटरला वेगळे सेल द्या, ग्राउंड मात्र दोघांचं एकत्र जोडा.

रेडिओ सर्वांत सोपा आणि मुलांना सर्वांत आवडता. गट क्रमांक शून्य ते २५५ पर्यंत देता येतो. आम्ही जोडीतल्या पहिल्या मुलाचा हजेरी क्रमांकच गट म्हणून देतो, म्हणजे कुणाचे निरोप कुणाकडे जात नाहीत. मैदानात लांबवर पोचतो, जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे गेलं की आकडे गळायला लागतात. तेही मुलांना मोजायला लावलं.

किंमत. एक बोर्ड आम्हाला दीड ते दोन हजारांच्या मध्ये पडला. तेवढ्यात उनोचे तीन क्लोन येतात, आणि ज्या शाळेत रोज दोन तास प्रयोगशाळा उघडी असते, नववी-दहावीची निवडक मुलं बसतात आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा शिक्षक आहे, तिथे मी आर्डुइनोच घ्यायला सांगेन. पिना जास्त, भाग स्वस्त, खोलवर जाता येतं. आमच्याही तीन मुलांना मी दहावीनंतरच्या सुट्टीत उनो दिला आणि त्यांनी तो मायक्रोबिटच्या जोरावर पटकन उचलला. पण चाळीस मुलं, ३५ मिनिटं आणि एक बाई असेल तर जास्तीचे पैसे वेळेसाठी जातात, आणि शाळेत वेळच सगळ्यात कमी असतो.

वीस मुलांमागे दहा बोर्ड, म्हणजे दोघांत एक, हे प्रमाण सोडू नका. आमचा वर्ग चाळीसचा आहे, म्हणून अर्धा वर्ग एका आठवड्यात, अर्धा दुसऱ्या. चौघांत एक दिलात तर दोघं करतात आणि दोघं बघतात, आणि बघणाऱ्यांत मुलीच जास्त असतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जोड्या मी लावते, आणि माऊस कुणाच्या हातात ते अर्ध्या तासिकेत बदलायला लावते.

मुंबई मंडळाला पाठवलेल्या यंदाच्या यादीत नवे बोर्ड नाहीत. पाच डीएस१८बी२०, दहा डेटा केबल, चार्ज होणारे बारीक सेल आणि त्यांचा चार्जर, मगर-क्लिपांचे दोन जुडगे, आणि एक रीड स्विचचं पाकीट, कारण पलीकडच्या गावच्या शाळेलाही पर्जन्यमापक करायचा आहे आणि त्यांची मुलं शनिवारी आमच्याकडे शिकायला येणार आहेत.